हैबतीचा शुद्धीतला ढोल

दारू कशी सोडलीस असं हैबतीला कुणी विचारलं की तो कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, “मी कुठं सोडली? मी तर घट्ट धरून होतो. बायको सोडून गेली. मग म्हटलं, दोघींतल्या एकीलाच घरात ठेवायची तर जी भाकरी भाजते तिला ठेवू.”

आणि स्वतःच हसायचा. त्याचं हे असंच. लोकांनी हसायच्या आत आपणच आपल्याला हसून घ्यायचं, म्हणजे लोकांच्या हातात काही उरत नाही. पण घरी आला की रिकाम्या चुलीकडं बघत बसायचा, तेव्हा काही हसत नव्हता.

वरंधच्या वरच्या अंगाला घाटाच्या पायथ्याशी उंबरकोंड म्हणून वाडी होती, तिथला हा हैबती. वाडीतला घरटी एक माणूस मुंबईत. हैबतीही पोरवयात दासगावच्या बंदरातून बोटीत बसून गेला आणि गिरणीला लागला. बाप वारला तेव्हा शेती बघायला परत आला. येताना गिरणीचं काम शिकून आला, ते वाडीत कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. हिंदी शिव्या शिकून आला, त्या बैलांना कळत नव्हत्या. आणि ढोल शिकून आला. चाळीतल्या शिमग्यात शिकला. तिथं रीत अशी, की आधी हातात गेलास यायचा आणि मग ढोल बडवायचं टिपरू.

ढोल मात्र असा वाजवायचा की काय सांगावं! शिमग्यात देवीची पालखी निघाली आणि हैबतीनं पालखीची चाल धरली, की अंथरुणाला खिळलेली म्हातारी वाकळेत पाय हलवायची. तेव्हा तो किती प्यालेला असायचा हे कुणी बघत नव्हतं. अहो, अख्खा बाजाच प्यालेला असायचा. ताशावाला भागोजी, झांजवाला मुरारी आणि ढोलवाला हैबती, तिघं एका माळेचे मणी. शिमगा संपला की ढोल देवळाच्या तुळईला टांगायचा आणि वर्षभर नुसती प्यायची, असा कारभार.

मग वैशाखात त्याच्या मुलीला, मैनाला बघायला नाते गावाहून पाहुणे आले.

हैबती पानसुपारी आणायला म्हणून गेला आणि गुत्त्यावरून परत आला. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून वाटेत देवळातला ढोल काढून गळ्यात घातला. पाहुणा म्हणजे देव, हे त्याला त्या दिवशी फारच पटलं. अंगणात त्यानं पालखीची चाल धरली. एक ठेका चुकला नाही. पाहुणेही आधी माना डोलवायला लागले. तेवढ्यात ह्याच्या मनात आलं, की देव आहे तर पालखी का नको? ढोल काढून ठेवला, मुलाच्या बापाला उचलून खांद्यावर घेतला आणि नाचवत नाचवत घराला वळसा घातला. घरामागं उकिरडा होता. दोघंही त्यात गेले. मुलाच्या बापाचं तांबडं पागोटं तेवढं वर दिसत होतं.

हे सगळं हैबती स्वतः रंगवून सांगायचा. पुढचं मात्र सांगत नसे. पुढचं असं, की त्याची बायको रखमा भांडली नाही. तिनं मैनाचं लुगडं-चोळी गाठोड्यात बांधली आणि शिवथरला माहेरी निघाली. दारात थांबून म्हणाली, “अवो, येत्या शिमग्यापर्यंत तोंड कोरडं ठेवलंत तर मी येईन. नायतर मैनाचं लगीन तिचा मामा लावील. तुमी अक्षता टाकायलाबी येऊ नका.”

मैनानं मागं वळून बघितलं नाही. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

आता वाडीत येसाजी म्हणून म्हातारा होता. त्यानंही तरुणपणी पिऊन बरंच काही घालवलं होतं आणि मग देवीपुढं शपथ घेऊन सोडली होती. त्यानं हैबतीला बोलावलं. देवळापुढं सहाण होती. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो दगडी चौथरा. म्हणाला, “रोज दिवेलागणीला हितं यायचं. बसायचं. बस्स.” मग भागोजीही आला, कारण त्याच्या बायकोनं ढकलला. मुरारी आला, कारण हे दोघं गेल्यावर प्यायला सोबत उरली नाही. लोकांनी ह्या बैठकीला नाव ठेवलं ‘कोरड्यांची पंगत’.

पंगतीची सुरुवात ठमाबाई करायची. ठमाबाई म्हणजे वाडीची सुईण. सगळी वाडी तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं तिला कुणाची भीड नव्हती. तिचं नाक असं, की शेजारणीचा भात करपायच्या आधी हिला वास यायचा. ती एकेकाच्या पुढं उभी राहायची आणि म्हणायची, “हा कर.” माणसानं तोंड उघडून ‘हाऽ’ करायचं. ती वास घ्यायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, “बस. दात घासत जा.”

मग गुळाचा खडा आणि कोरा चहा. मग ज्यानं त्यानं सांगायचं, आज पाय कुठं वळला होता. मुरारी एकदा म्हणाला, की गुत्त्यापुढून जाताना मोह नको म्हणून मी डोळे मिटून चाललो आणि थेट गुत्त्याच्या दारावर आपटलो. हैबती म्हणाला, मी गोठ्यात लपवलेली बाटली शोधायला गेलो आणि कुठं लपवली तेच आठवेना. बाबांनो, पिऊन लपवलेली बाटली शुद्धीत सापडत नाय! सगळे पोट धरून हसायचे. हसता हसता ती एक वेळ टळायची. दिवेलागणीची वेळच वाईट असते, ती टळली की माणूस भाकरी खाऊन झोपतो. येसाजीला एवढंच माहीत होतं, आणि एवढंच पुरत होतं.

पाऊस गेला, भात कापून झोडून झालं. आणि येसाजीच्या माळ्यावरून उंदीर पडला.

तेव्हाच्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नसे. उंदीर पडला म्हणजे प्लेग आला. घराला कडी घालायची, गुरं-भांडी-दाणे घेऊन रानात निघायचं, लांब लांब खोपी घालायच्या आणि कुणी कुणाकडं जायचं नाही. वाडी अशी फुटली. येसाजी आणि ठमाबाईची खोपटी टेकाडावर, हाकेच्या अंतरावर. भागोजी ओढ्याच्या पलीकडं. मुरारी त्याच्या आईला घेऊन सागाच्या रानाकडं. हैबती एकटा, वरच्या उतारावर आंब्याखाली, बैलजोडी घेऊन. पलीकडं शिवथरातही उंदीर पडले होते, तिकडची माणसं मधल्या डोंगरमाथ्याच्या माळावर येऊन राहिली होती. रात्री तिथले विस्तव दिसायचे. त्यातला एक रखमाचा असेल, पण कुठला ते हैबतीला कळायचं नाही. म्हणून तो सगळ्यांकडं बघायचा.

आणि कोरड्यांची पंगत मोडली. हा कर म्हणायला कुणी नाही, चहा नाही, हसणं नाही. दिवेलागण झाली की हैबतीची जीभ टाळ्याला चिकटायची. पाय कुठं वळला ते त्यानं बैलाला सांगून बघितलं. बैल हसला नाही.

येसाजीला सगळ्यांची काळजी लागली होती. एका सकाळी तो ओढ्याकाठी उभा राहून लांबूनच ओरडला, “पंगत बंद नाय! वास घेता येत नाय, तर आवाज घेऊ! आपापलं वाजप न्या रे खोपीत. दिवेलागणीला मी कुकारा देईन. मग मुरारीनं झांज वाजवायची, भागोजीनं ताशा, शेवटी हैबतीचा ढोल. पालखीची चाल, एक फेर. प्यालेल्याचा हात अडखळतो. ठमाकाकी ऐकंल!”

“ऐकंन!” ठमाबाई खोपटातून ओरडली. “नाकाचं काम आता कानाला!”

काय अक्कल होती बघा! सगळ्या वाडीनं माना डोलावल्या. हैबतीनंही डोलावली, सगळ्यात जोरात. म्हणाला, ह्यात तर आपण पहिले.

पहिल्या संध्याकाळी येसाजीचा लांबलचक कुकारा आला. मुरारीची झांज झाली. झांजेत काय, आपटायची. भागोजीचा ताशा तडतडला. तो लहानपणी बापाच्या मांडीवर ताशा शिकलेला, दारू पुढं कधीतरी आली. मग हैबतीनं ढोल गळ्यात घातला, टिपरू उचललं आणि मारलं.

टिपरू पडलं ते थापेच्या आधी. मग थाप पडली ती टिपऱ्याच्या अंगावर. तिसरा ठोका आलाच नाही, त्याच्या जागी दोन आले. हैबती दचकला. थांबून पुन्हा धरली चाल. पुन्हा तेच. जणू एक हात वरंधला आणि एक पोलादपूरला.

टेकाडावरून ठमाबाईचा आवाज आला, सगळ्या रानाला ऐकू जाईल असा. “हैबत्या! मेल्या, ढोसलीस काय रे!”

“नाय गो काकी! शपथ!”

“शपथ नको, चाल दे!”

त्यानं चाल दिली. आधीची परवडली असं म्हणायची वेळ आली.

त्या रात्री खोपीत बसून हैबतीनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. हात तेच. ढोल तोच. मग काय बिघडलं? असा बसला असताना त्याच्या डोक्यात हळूच प्रकाश पडला आणि तो उडालाच. आयुष्यात एकदाही, अगदी एकदाही, त्यानं शुद्धीत ढोल वाजवलेला नव्हता! चाळीत पिऊन शिकला, वाडीत पिऊन वाजवला, आणि सोडल्यापासून ढोल तुळईला. पिऊन असताना हात आपले आपण चालायचे. आता शुद्धीत तो ठोके मोजायला लागला होता, आणि ऐकतंय कोण कोण हे आठवायला लागला होता. म्हणजे ढोलकरी हैबती नव्हताच. ढोलकरी होती बाटली. हैबती नुसता ढोल वाहायला होता.

“वा रे गड्या,” तो स्वतःला म्हणाला. “अख्ख्या मुलखात नाव काय तर ढोलकरी!”

हसला खरा, पण ते हसू फार टिकलं नाही. कारण हे सांगणार कुणाला, आणि ऐकून घेणार कोण? मी शुद्धीत आहे म्हणून मला वाजवता येत नाही, असं म्हणणाऱ्याला लोक आणखीच प्यालेला समजतील. सकाळी त्यानं येसाजीला ओरडून सांगून बघितलं. येसाजी मान हलवत म्हणाला, “हैबती, मीबी पिऊन अशाच सबबी सांगायचो रे.” म्हाताऱ्याचा आवाज इतका दुखावलेला होता, की हैबती तसाच माघारी फिरला.

रोज संध्याकाळी कुकारा यायचा, रोज हैबतीचा ढोल पायऱ्यांवरून घरंगळल्यासारखा वाजायचा आणि रोज ठमाबाई त्याचा उद्धार करायची. माणसांना येण्याजाण्याची बंदी होती, बातमीला कसली बंदी? डोंगरमाथ्यावरून त्याचा मेहुणा महिपती ओरडला, “भावजी! ऐकतोय आमी सगळं! मैनाचं लगीन आता आमी बघतो! तुमी निवांत प्या!”

हैबतीनं ढोल खाली ठेवला. आपण काहीच केलं नाही आणि तरी सगळं गेलं, ह्याचं त्याला रडू आलं. प्यालेला असताना काय काय केलं तेव्हा बायको बारा-पंधरा वर्षं थांबली, आणि आता थेंबही नाही तर हे!

आणि मग एका संध्याकाळी कुकारा आला आणि झांज वाजलीच नाही.

येसाजीनं पुन्हा कुकारा दिला. सागाच्या रानातून काही नाही. “घेतली वाटतं मुरारीनं,” ठमाबाई म्हणाली आणि तिनं मुरारीच्याही सात पिढ्यांचा उद्धार केला. सकाळी त्याच्या आईची हाक आली. मुरारीला जांघेत गाठ आली होती आणि तापानं तो फणफणला होता. दुसऱ्या दिवशी गेला. थेंब न पिता गेला बिचारा, आणि शेवटच्या संध्याकाळी त्याच्या कानावर ठमाबाईच्या शिव्या पडल्या. ठमाबाई खोपटापुढं बसून तोंडात पदर कोंबून रडली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कुणालाच काही बोलली नाही.

येसाजीनं पंगत चालू ठेवली. कुकारा झाला की मुरारीच्या पाळीइतका वेळ तो गप्प राहायचा आणि सगळ्यांना गप्प ठेवायचा. मग भागोजीचा ताशा. ती मधली जागा हैबतीला सोसत नव्हती. गुत्त्याच्या दारावर आपटणारा मुरारी त्याला डोळ्यांपुढं दिसायचा.

अशात चांगू आला. घाटाच्या रानात मोहाची भट्टी लावायचा तो चांगू. प्लेगात त्याची चांदी झाली होती, कारण दारूनं गाठ येत नाही असं त्यानंच सगळीकडं पसरवलं होतं. तो लांब एका दगडावर बसला आणि गोड आवाजात म्हणाला, “हैबतभाऊ, तुझा ढोल ऐकला. रडू आलं रे.”

“मलाबी येतं.”

“मला म्हायती हाय काय झालंय. दुसऱ्या कुणाला नाय कळलं, पर मी तुला पाजलीय ना. तुझा हात सुका पडलाय. दोन घोट घे. हात सुटंल, चाल जमंल. ठमाकाकी म्हणंल, हैबती शुद्धीत हाय. येसाजी म्हणंल, शाब्बास. वयनी पोरीला घिऊन परत. दोन घोटांनी कुणी प्यालेला होत नाय.” बाटली दगडावर ठेवून तो निघून गेला.

हैबती त्या बाटलीकडं बघत राहिला. चांगूच्या बोलण्यात एकही भोक सापडेना. न पिता राहिलो तर जग म्हणणार प्यायला. प्यायलो तर जग म्हणणार सुटला. मग देवाच्यान् सांगा, न प्यायचं कशासाठी? असा पेच आयुष्यात कुणावर आला नसेल, आणि आला तो ह्या शहाण्यावर. त्याला हसू आलं. हसता हसता तो उठला, दगडावरची बाटली घेऊन आला आणि खोपीत ढोलाशेजारी ठेवली. नुसती ठेवली. ठेवायला काय जातंय, असं स्वतःला म्हणाला. ह्या वाक्यानं आजवर त्याला किती वेळा गोत्यात घातलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सूर्य डोंगराआड गेला. माथ्यावरचे विस्तव एकेक दिसायला लागले. हैबतीनं ढोल गळ्यात घातला. बाटलीचं बूच काढलं. मोहाचा वास खोपीभर झाला आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. बघा, हात कापत होते ते थांबले. नुसत्या वासानंच! बाटली त्यानं तोंडाजवळ नेली. डोळ्यांपुढं रखमा होती, गाठोडं घेऊन परत येणारी. तिच्यासाठीच तर पितोय, असं तो म्हणाला, आणि खरंच म्हणाला.

येसाजीचा कुकारा आला.

मग ती मुरारीची मोकळी जागा आली. सगळं रान गप्प झालं. हैबतीच्या ओठाला बाटलीचं तोंड लागलेलं होतं. एवढ्या शांततेत गिळायचा आवाज झाला तर तो मुरारीला ऐकू जाईल, असं काहीतरी वेडगळ त्याच्या मनात आलं. थेंब न पिता गेला तो. सगळे त्याला प्यालेला म्हणत असताना गेला.

“मुरारी,” हैबती हळूच म्हणाला, “आज पाय हितं वळलाय बघ.”

आणि सांगितलं की थोडं बरं वाटतं, ही जुनी गोष्ट. त्यानं बाटली खाली घेतली. खोपीबाहेर येऊन ती पालथी केली. सगळी गेली की नाही ते बघायला थांबला नाही, थांबला असता तर कदाचित चाटायला वाकला असता. पलीकडं भागोजीचा ताशा संपत आला होता. हैबतीनं टिपरू उचललं.

त्या संध्याकाळी त्यानं जो ढोल वाजवला, तसा ढोल घाटाखाली कधी कुणी वाजवला नसेल. चाल सोडा, ती ढोलाची होती की कुणी माचीवरून हंडे लोटले होते हेही सांगता आलं नसतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टिपरू एकदा ढोलावर आणि एकदा स्वतःच्या गुडघ्यावर. बैलानं दावं ओढलं. तरी त्यानं फेर पुरा केला, कारण आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शेवटचा ठोका पडला.

आणि डोंगरमाथ्यावरून एक कुकारा आला. बाईमाणसाचा. लांब, पातळ आणि शेवटी वर चढणारा. असा कुकारा रखमा गुरं वळवताना द्यायची. हैबती ढोल गळ्यात घेऊन तसाच उभा राहिला.

सकाळी ती माथा उतरून ओढ्यापाशी आली. बरोबर मैना. पलीकडच्या काठावर दोघी थांबल्या, अलीकडं हैबती. मध्ये पाणी आणि प्लेगाचा कायदा. महिपती मागं रागानं उभा होता. त्याच्याकडं न बघता रखमा म्हणाली, “दादाला सांगून दमले. सगळे म्हणत होते प्यालाय. अवो, मी इतकी वर्षं तुमचा प्यालेला ढोल ऐकलाय. प्यालेला ढोल कधी चुकला नाय. उकिरड्यात जाईपर्यंत चुकला नाय.”

हैबती पार पाण्याच्या कडेपर्यंत पुढं आला. “म्हंजे तुला कळत होतं?”

“पयल्या दिवशी चुकला तवा वाटलं, टिपरू निसटलं असंल. दुसऱ्या दिवशीबी चुकला. मग मात्र मी रोज दिवेलागणीला जीव मुठीत धरून बसायची, की आज चाल जमली तर काय करू? मग मुरारी गेला. मला वाटलं, आता जमणार.” पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. “काल जमली असती तर मी हितं आले नसते. गाठोडं दादाच्या खोपीतच राहिलं असतं.”

हैबतीला काल ओठाला लागलेली बाटली आठवली. तो काठावरच्या दगडावर बसला. बायकोसाठी पिणार होता हा शहाणा! दोन घोट घेतले असते, चाल झकास जमली असती, आणि ती ऐकून माथ्यावर एका बाईनं मान खाली घातली असती.

“लई वाईट वाजवता बाबा,” मैना पलीकडून म्हणाली. वैशाखापासून तिनं त्याच्याशी काढलेला हा पहिला शब्द.

“व्हय गो,” हैबती म्हणाला. “शिकतोय.”

शिमग्याआधी गाठीची साथ सरली, वाडी घरांत परतली, रखमाही आली. शिमग्यात पालखीपुढं हैबती शुद्धीत वाजवायला लागला, तेव्हा पालखी उचलणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले आणि देवी दोनदा झुकली. लोक म्हणाले, ह्याला पाजा कुणीतरी! हैबतीच ते सगळ्यांना हसून सांगत सुटला. ठमाबाईनं मात्र सहाणेवर उभं राहून सगळ्यांना दम भरला, “कुणी पाजंल त्याची नाळ कापणारी मी हाय, गळाबी कापीन.” मुरारीची झांज त्या वर्षी कुणी वाजवली नाही. येसाजीनं ती पालखीत देवीच्या पायाशी ठेवली.

हैबती रोज दिवेलागणीला वाजवत राहिला. चुकत राहिला, बैल दावं ओढत राहिले.

वैशाखात मैनाचं लग्न ठरलं. नाते गावचे तेच पाहुणे, तोच मुलगा. मुलाच्या बापानं अट एकच घातली, की मला उचलायचं नाही. हळदीच्या संध्याकाळी मांडवात भागोजीनं ताशा धरला आणि हैबतीनं ढोल. त्याचं लक्ष ढोलाकडं नव्हतंच. हळद लावून बसलेल्या मैनाकडं तो बघत होता. बघता बघता टिपरू पडलं, थाप पडली, पुन्हा टिपरू, आणि पालखीची चाल सुरू झाली. एकही ठेका न चुकता. तीच. म्हातारीला वाकळेत पाय हलवायला लावणारी.

मुलाच्या बापानं दोन्ही हातांनी पागोटं धरलं. ठमाबाईच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. येसाजी उठून उभा राहिला.

रखमा हळदीची वाटी खाली ठेवून सगळ्या मांडवातून सरळ चालत आली आणि नवऱ्यापुढं उभी राहिली. “हा करा,” ती म्हणाली.

हैबतीनं सगळ्या व्याह्यांसमोर तोंड उघडून ‘हाऽ’ केलं.

तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग हळद माखलेल्या हातानं त्याची हनुवटी धरून तिसऱ्यांदा घेतला.

“गूळ,” ती म्हणाली, आणि तिथंच ढोलाला टेकून रडायला लागली. हैबतीला एका हातानं तिला धरावं लागलं, त्यामुळं चाल पुन्हा चुकली.